सशाच्या लघवीच्या तक्रारी: काय बघायचं, काय द्यायचं, दवाखान्यात कधी धावायचं

सशाच्या ट्रेमध्ये पांढरट, गढूळ लघवी दिसली की नवा पाळणारा घाबरतो आणि तांबूस दिसली की जास्तच घाबरतो. बहुतेक वेळा या दोन्हींत काही बिघडलेलं नसतं. उलट जो ससा खरोखर आजारी असतो, त्याची लघवी काही दिवस अगदी नितळ दिसू शकते, कारण गाळ मूत्राशयाच्या तळाशी बसलेला असतो आणि वरचं पाणी तेवढं बाहेर येतं. म्हणून आधी आपल्या सशाची नेहमीची लघवी ओळखायला शिका. आजाराकडे मग वळू.

लघवी गढूळ का असते

माणसाचं किंवा कुत्र्याचं आतडं खाण्यातलं कॅल्शियम गरजेपुरतंच घेतं. सशाचं तसं नाही. मिळेल तेवढं बहुतेक कॅल्शियम तो रक्तात ओढून घेतो आणि नको असलेलं मूत्रपिंडावाटे बाहेर टाकतो. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांत लघवीवाटे जाणारं कॅल्शियम २ टक्क्यांच्या आत असतं, सशात ते ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत जातं. त्यात सशाची लघवी अल्कधर्मी, सामू साधारण ८ ते ९. अशा लघवीत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण तयार होतात. म्हणून ती दुधाळ दिसते आणि फरशीवर वाळली की पांढरा थर सोडते. इथपर्यंत सगळं ठीक.

बिघडतं कधी, तर हे कण बाहेर न पडता मूत्राशयात साचायला लागले की. पाणी कमी, हालचाल कमी, वजन जास्त, खाण्यात कॅल्शियम जास्त, ट्रे घाण म्हणून लघवी दाबून धरण्याची सवय, पाठीचं किंवा सांध्यांचं दुखणं. यातली दोन-तीन कारणं सहसा एकत्रच सापडतात. साचलेल्या कणांचा टूथपेस्टसारखा गाळ होतो, काही सशांत खडा होतो आणि खरवडल्या गेलेल्या अस्तरावर जंतुसंसर्ग बसतो. नुसतं अँटिबायोटिक देऊन मूळ गाळ तसाच ठेवला, तर तक्रार परत येणारच.

रंगाचं वेगळं आहे. बीट, गाजर, काही पालेभाज्या, कधी औषधं यांमुळे लघवी नारिंगी, विटकरी, अगदी गडद तांबडी होते. हा रंग वनस्पतींतल्या रंगद्रव्यांचा. तो सगळ्या डागात सारखा पसरलेला असतो आणि एक-दोन दिवसांत आपोआप जातो. रक्त असेल तर बऱ्याचदा लघवीत रेघा, ठिपके किंवा गाठी दिसतात, किंवा लघवीच्या शेवटी लाल थेंब येतात. पण नजरेवर विसंबू नका. मेडिकलमध्ये लघवी तपासायच्या पट्ट्या मिळतात. पट्टी ताज्या लघवीत बुडवून डबीवर लिहिलेल्या वेळेनंतर रक्ताचा चौकोन बघा. तो बदलला नाही तर बहुधा रंगच आहे. बदलला तर दवाखाना.

पहिली पायरी: ट्रे वाचायचा

लाकडाचा भुसा किंवा गडद रंगाचं काही ट्रेमध्ये असेल तर लघवी दिसतच नाही. तक्रारीच्या काळात तळाला साधा वर्तमानपत्राचा कागद घाला आणि एका टोकाला गवताचा ढीग ठेवा. ससा खाता खाता विधी उरकतो, त्यामुळे तो ट्रेवर टिकतो. कागद सकाळ-संध्याकाळ बदला. बदलताना तीन गोष्टी बघायच्या.

डाग किती आणि केवढे. दोन-चार मोठे डाग म्हणजे ठीक. रुपयाएवढे दहा-पंधरा डाग म्हणजे ससा वारंवार बसतोय आणि मूत्राशय रिकामं होत नाही.

डागावर काय उरलंय. वाळलेला पांढरा थर चिमटीत घेऊन चोळा. मऊ पावडर असेल तर चालतं. रवाळ, वाळूसारखं लागलं किंवा ओला घट्ट लगदा दिसला तर गाळ बाहेर पडतोय.

लेंड्या किती. लघवीचा आजार असला तरी सशाचा जीव बहुतेकदा पोटामुळे जातो. दुखत असलं की तो खाणं सोडतो, खाणं सोडलं की आतडं थांबतं आणि मग प्रकरण हाताबाहेर जातं. लेंड्या बारीक, कोरड्या, कमी झाल्या तर लघवीपेक्षा तिकडे आधी लक्ष द्या.

सोबत आठवड्यातून एकदा वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर टोपली, टोपलीत ससा. पाणीही मोजा. निरोगी ससा किलोमागे दिवसाला साधारण ५० ते १५० मिली पाणी पितो, म्हणजे दोन किलोचा ससा १०० ते ३०० मिली. ओला पाला भरपूर खाणारा कमी पितो, त्यात काळजी नाही. पण पाणी अचानक दुप्पट झालं आणि वजन उतरायला लागलं तर मूत्रपिंडाची शंका घ्यावी.

कधी थांबायचं नाही

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. ससा शेपटी उचलून, पाठ वाकवून जोर करतोय आणि लघवी येत नाही किंवा थेंबच येतात. कोपऱ्यात गोळा होऊन बसलाय आणि दात करकरा वाजवतोय (समाधानाने हलकेच वाजवतो ते वेगळं, हा आवाज जोराचा आणि डोळे अर्धमिटे). दहा-बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंडी टाकली नाही. पोट ताणलेलं, हात लावू देत नाही. नरात हा धोका जास्त, कारण त्याची मूत्रनलिका लांब आणि अरुंद असते, बारीक खडाही तिथे अडकतो. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न घरी अजिबात करू नका. मूत्राशय फुटू शकतं.

एक-दोन दिवसांत दाखवायचं ते असं: लघवीत रक्त, मागचे पाय आणि शेपटीखालचे केस सतत ओले, लगद्यासारखी लघवी, ट्रे वापरणारा ससा अचानक बाहेर करायला लागणं. नसबंदी न झालेला नर भिंतींवर, चपलांवर फवारे मारतो ते वयात आल्याचं लक्षण, आजार नव्हे.

मादीचं स्वतंत्रपणे सांगायला हवं. नसबंदी न झालेल्या, तीन-चार वर्षांपुढच्या मादीच्या लघवीत रक्त दिसलं तर ते मूत्राशयातून येत असेल असं गृहीत धरू नका. सशाच्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो आणि त्याची पहिली खूण बऱ्याचदा लघवीसोबत आलेलं रक्त हीच असते. सोनोग्राफी करताना गर्भाशयही बघायला डॉक्टरांना आवर्जून सांगा.

लघवी गळतेय, शिवाय मान एका बाजूला कललीय किंवा मागचे पाय लटपटतायत, असं असेल तर एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाच्या सूक्ष्म परजीवीचा विचार होतो. तो मेंदू आणि मूत्रपिंड दोन्हींवर बसतो. त्याचा उपचार वेगळा आणि लांबचा, फेनबेंडाझोल सहसा २८ दिवस. मागचे पाय न धरता सशाला उचलल्यामुळे मणक्याला इजा झाली असेल तरीही हेच दृश्य दिसतं. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. कान धरून उचलायची पद्धत बाजारात दिसते तशी घरी आणू नका.

दवाखान्यात जाताना

कोल्हापुरातल्या खासगी दवाखान्यांत रोजचे पेशंट कुत्री-मांजरं आणि सरकारी दवाखान्यांत गाई-म्हशी. सशाचा हात असलेले डॉक्टर आहेत, पण ते आधी शोधून ठेवायचे, रात्री अकरा वाजता नव्हे. फोनवर तीन प्रश्न विचारा: ससे बघता का, एक्स-रे आणि सोनोग्राफी तुमच्याकडे होते का, सशाला भूल देता का. खड्यांची शस्त्रक्रिया किंवा गुंतागुंतीची केस असेल तर पुणे-बंगळुरू महामार्गावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे पाठवायचं का हे डॉक्टरांशीच ठरवा.

लघवीचा नमुना नेता आला तर उत्तम. ट्रे गरम पाण्याने धुऊन कोरडा करा, कागद न घालता रिकामा ठेवा किंवा मत्स्यालयातले धुतलेले खडे पसरा, आणि लघवी झाली की सुई नसलेल्या सिरिंजने ओढून स्वच्छ बाटलीत भरा. तासाभरात पोहोचवा. उशीर झाला की नवे कण तयार होतात आणि अहवाल फसवा येतो.

अहवाल माणसांच्या लॅबमधून आला असेल तर त्यावर "क्रिस्टल्स" पुढे अधिकच्या तीन खुणा असणारच. सशात कण नेहमीच भरपूर असतात, तेवढ्यावरून आजार ठरत नाही. पांढऱ्या पेशी, रक्त आणि जंतू यांच्या ओळी बघायच्या. रक्तातल्या कॅल्शियमचंही तसंच: सशाचं १३ ते १५ मिलिग्रॅम असणं नेहमीचं, पण कागदावर शेजारी कुत्र्याची मर्यादा छापलेली असेल तर लाल शेरा पडतो. युरिया आणि क्रिएटिनिनला मात्र महत्त्व आहे. खरं चित्र एक्स-रेत दिसतं. सशाचे खडे आणि गाळ कॅल्शियमचे असल्यामुळे साध्या एक्स-रेतही पांढरे उठून दिसतात. मूत्राशयासोबत दोन्ही मूत्रपिंडं आणि नलिका एकाच फिल्ममध्ये यायला हव्यात, नाहीतर वरचा खडा राहून जातो.

दोन गोष्टी तुम्ही स्वतः लक्षात ठेवा, कारण कुत्र्यांची सवय असलेल्या दवाखान्यात त्या चुकू शकतात.

पहिली, भुलीआधी उपाशी ठेवणं. ससा उलटी करू शकत नाही, त्यामुळे त्याला रात्रभर उपाशी ठेवायचं कारणच नसतं. उपाशी ठेवल्याने आतडं थांबतं. गवत शेवटपर्यंत समोर असू द्या.

दुसरी, अँटिबायोटिक. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं सशाला तोंडावाटे दिली तर पोटातले उपयोगी जंतू मरतात, विषारी जंतू वाढतात आणि ससा जुलाबाने दगावू शकतो. एन्रोफ्लॉक्सासिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा ही सशात नेहमी वापरली जाणारी. कुठलं आणि किती, ते डॉक्टर वजनावरून ठरवतील. तुम्ही चिठ्ठीवरचं नाव वाचा आणि शंका आली तर बाटली उघडण्याआधी फोन करा. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन देऊ नका. वेदनेसाठी सशात बहुधा मेलॉक्सिकॅम देतात, पण मूत्रपिंड कमकुवत असेल तर तेही जपून, म्हणून रक्ततपासणी आधी.

उपचार दुखणं कुठे आहे त्यावर. गाळ पातळ असेल तर सलाईन, वेदनाशामक आणि खाण्यातले बदल यांवर काम भागतं. घट्ट असेल तर भूल देऊन मूत्राशय कॅथेटरने धुतात, कधीकधी हे दोन-तीनदा करावं लागतं. मूत्राशयातला मोठा खडा शस्त्रक्रियेनेच निघतो. मादीची नलिका आखूड आणि रुंद असल्याने तिचा लहान खडा काही वेळा विनाचिरा काढता येतो.

घरी: पाणी

घरच्या काळजीत सगळ्यात जास्त फळ पाण्याचं. पिंजऱ्याला टांगलेल्या, चेंडूची नळी असलेल्या बाटलीतून ससा थेंब थेंब ओढतो, कंटाळतो आणि सोडून देतो. उघड्या भांड्यातून तो स्पष्टपणे जास्त पितो. चिनी मातीचं जड, बसकं भांडं घ्या, म्हणजे कलंडत नाही. दोन ठिकाणी दोन ठेवा. पाणी दिवसातून दोनदा बदला. उन्हाळ्यात तीनदा, आणि भांडं सावलीत. कोल्हापूरचा एप्रिल-मे सशाला झेपणारा नाही. तिशीच्या वर पारा गेला की तो धापा टाकतो, हलत नाही आणि गाळ बसतो. पत्र्याच्या शेडखाली किंवा गच्चीवर ससा ठेवलेला असेल तर त्याची जागा बदलणं हाच पहिला उपचार.

पालेभाजी धुऊन निथळू न देता, पाणी गळत असतानाच द्या. एवढ्याने दिवसाचं बरंच पाणी पोटात जातं. पाण्यात साखर, गूळ, इलेक्ट्रॉल घालू नका.

बोअरच्या पाण्याबद्दल नेहमी विचारणा होते. बादलीला, हीटरला पांढरा थर धरणारं पाणी असेल तर सशासाठी नळाचं किंवा घरातल्या फिल्टरचं वापरा. पण पाण्यातल्या कॅल्शियमपेक्षा खाण्यातलं कॅल्शियम कितीतरी जास्त असतं, त्यामुळे पाणी बदललं आणि लसूणघास चालूच ठेवली तर उपयोग शून्य. पंचगंगेला महापूर आला की उपसा केंद्रं पाण्याखाली जाऊन शहराचा पुरवठा कित्येक दिवस बंद पडतो, २०१९ आणि २०२१ मध्ये तसं झालं. जुलै-ऑगस्टमध्ये सशाच्या वाट्याचं आठवड्याचं पाणी, पाच लिटरचा एक कॅन, वेगळा भरून ठेवा. आजारी सशाचं पाणी दोन दिवस आटलं तरी गाळ परत घट्ट होतो.

त्वचेखालून सलाईन द्यायला डॉक्टर शिकवतात. साधारण किलोमागे ३० ते ५० मिली, खांद्यांच्या मधल्या सैल कातडीखाली. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी गरम करा, थंड दिली तर ससा उसळतो. कातडीचा तंबू उचला, सुई त्यात आडवी घाला, आधी दट्ट्या थोडा मागे ओढून रक्त येत नाही ना बघा. नंतर पाण्याचा फुगा एका बाजूला किंवा पुढच्या पायाकडे उतरतो, तो काही तासांत जिरतो. डॉक्टरांनी समोर करून दाखवल्याशिवाय आणि प्रमाण ठरवून दिल्याशिवाय हे करू नका.

घरी: खाणं

वैरणीच्या बाबतीत कोल्हापूर श्रीमंत आहे, पण सगळी वैरण म्हशीच्या हिशेबाची. तिला दूध द्यायचं असतं, सशाला नाही.

लसूणघास बाजारात सगळ्यात हिरवीगार, सशाला सगळ्यात आवडती आणि लघवीच्या आजारात सगळ्यात वाईट. साध्या गवताच्या तुलनेत तिच्यात कॅल्शियम दोन-तीन पट असतं. वाढत्या पिलांना आणि व्यालेल्या मादीला चालते. सहा-सात महिन्यांपुढच्या सशाला बंद.

उसाचं वाढं गळीत हंगामात फुकटात मिळतं म्हणून गठ्ठाच आणून टाकला जातो. त्यात ऑक्झलेट बरंच, पानांच्या कडा धारदार. रोजचं खाणं म्हणून नको.

कडवळ आणि ज्वारीची ताटं: कोवळी किंवा पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी विषारी असते, तिच्यातून सायनाइड तयार होतं. वाळलेला कडबा चालतो, पण जाड धाटं ससा टाकून देतो.

मग द्यायचं काय? वाळलेलं साधं गवत. पावसाळा संपल्यावर डोंगरउतारावरचं कापून वाळवलेलं गवत पेंढ्यांनी विकायला येतं. पेंढी उघडून हात घाला. धूळ उडाली, कुबट वास आला, काळे-पांढरे ठिपके दिसले तर परत करा. कुसळं असतील तर घेऊ नका. ती तोंडात, डोळ्यांत घुसतात आणि ओल्या झालेल्या मागच्या भागात अडकून बसतात. टिमोथी गवताची पाकिटं ऑनलाइन मिळतात, चांगली असतात, महाग असतात. स्थानिक गवत नीट निवडलं तर अडत नाही. प्रमाण: दिवसाला सशाच्या आकाराएवढा ढीग, संपेल तसं आणखी. खाण्याचा ऐंशी टक्के भाग हाच.

ताज्या गवतात हराळी उत्तम. गणपतीला वाहतो तीच दूर्वा. मात्र रस्त्याकडेची, तणनाशक मारलेल्या बांधावरची किंवा कुत्री फिरतात त्या मैदानातली नको.

पालेभाजी किलोमागे दिवसाला ५० ते ८० ग्रॅम, दोन वेळांत विभागून. कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीत रोज जे मिळतं त्यातलं असं धरा:

कोथिंबीर, लेट्युस, काकडी सालासकट, दुधीचा तुकडा, पुदिना थोडा: आलटून पालटून रोज.

मेथी, शेपू, मुळ्याचा पाला: आठवड्यातून दोनदा, मूठभर.

पालक, माठ, राजगिरा, चाकवत, आंबट चुका: ऑक्झलेट जास्त, तक्रार असताना बंद.

शेवग्याचा पाला: कॅल्शियमचं कोठार. माणसाला गुणकारी म्हणून सशाला घालू नका.

अळू: कधीच नाही.

दाणेदार खाद्य गाळ असताना बंद किंवा किलोमागे दिवसाला जेमतेम १० ग्रॅम, बरा झाल्यावरही २० ते २५ ग्रॅमच्या वर नाही. पाकिटावर कॅल्शियम किती ते बघा, ०.६ टक्क्यांच्या आसपास किंवा कमी हवं. मांसासाठी वाढवायच्या सशांचं खाद्य सुट्टं विकलं जातं, ते वजन चढवण्यासाठी असतं. कोंबड्यांचं खाद्य तर मुळीच नको. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं, अंड्याच्या टरफलासाठी. पिंजऱ्यात टांगायच्या खनिजाच्या विटा, समुद्रफेस, कॅल्शियमचे थेंब, सगळं काढून टाका.

आणि दूध. गंगावेशीत धारोष्ण दूध उभ्या उभ्या पिणाऱ्या शहरात हे सांगणं अवघड आहे, पण मोठ्या सशाला दूध पचत नाही आणि वर कॅल्शियम वाढतं ते वेगळंच. भाकरी, बिस्कीट, गूळ, भिजवलेले हरभरे यांनी ससा लठ्ठ होतो, लठ्ठ ससा हलत नाही.

हे सगळं एका दिवसात बदलू नका. जुनं कमी, नवं जास्त असं आठ-दहा दिवसांत करा, नाहीतर पोट बिघडेल. कॅल्शियम शून्यावर आणायचंही नाही. दात सतत वाढणाऱ्या प्राण्याला ते लागतं. कमी पडलं तर दात आणि हाडं ठिसूळ होतात.

औषधी वनस्पती, सिरप आणि लिंबू

मुतखड्यावर माणसं घेतात ती सिरपं सशाला देण्याचा मोह होतो. लघवीची जळजळ कमी करणारी सायट्रेटची सिरपं लघवी आणखी अल्कधर्मी करतात. सशाची लघवी मुळात अल्कधर्मी आणि खडे बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे हा उलटा उपाय. लिंबू किंवा व्हिनेगर पाजून लघवी आम्लधर्मी करता येत नाही. वर त्या वासाने ससा पाणीच सोडतो. कुळथाचं कढण, पानफुटी, गोखरू यांवर सशात भरवसा ठेवण्यासारखं काही नाही. व्हिनेगरचा खरा उपयोग ट्रे धुवायला: निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर, पंधरा मिनिटं ठेवलं की पांढरा थर सुटतो.

हालचाल

ससा पळाला, उड्या मारल्या की मूत्राशय ढवळतं आणि गाळ लघवीबरोबर निघतो. दिवसाला तीन-चार तास पिंजऱ्याबाहेर, सकाळी लवकर आणि संध्याकाळी. गुळगुळीत फरशीवर तो घसरतो आणि बसून राहतो, म्हणून जुनी सतरंजी किंवा गोणपाट पसरा. म्हाताऱ्या सशाला ट्रेची कड उंच पडते. एका बाजूने ती दोन इंचांवर कापा आणि कड घासून घ्या. तारेची जाळी तळाला असेल तर तिच्यावर फळी टाका. तळपाय सोललेला ससा हलायला तयार नसतो.

ओली कातडी आणि माश्या

लघवी सतत लागून मागची कातडी लाल होते, केस झडतात, मग सोलते. पूर्ण आंघोळ घालू नका, ससा गारठतो आणि धसक्याने मरूही शकतो. परातीत दोन बोटं कोमट पाणी घ्या, मागचा भाग तेवढा बुडवून बोटांनी लघवी सुटेपर्यंत धुवा. साबण, डेटॉल नको. मऊ फडक्याने टिपा, चोळू नका, मग पूर्ण कोरडं होईपर्यंत टिपत राहा. थोडं ओलं असेल तर कॉर्नफ्लोअर (मक्याचा पांढरा स्टार्च) भुरभुरून झटका, टाल्कम पावडर नको. गुंतलेले केस कात्रीने कापायला जाऊ नका. सशाची कातडी कागदासारखी फाटते, ते काम दवाखान्यात मशीनने करून घ्या. खोबरेल, हळद, तूप लावलं की ओल आत कोंडते. मलम डॉक्टरांनी दिलेलंच, आणि चाटलं तर चालेल का ते विचारून.

जून ते सप्टेंबर माश्यांचा काळ. ओल्या, घाणेरड्या केसांत माशी अंडी घालते आणि दिवसाच्या आत अळ्या बाहेर येऊन कातडीत शिरतात. पावसाळ्यात सशाची शेपटी सकाळ-संध्याकाळ उचलून बघा. अळी दिसली की चिमट्याने दिसतील तेवढ्या काढा आणि तडक दवाखाना. दुपारनंतर जाऊ म्हणण्याइतका वेळ नसतो. जनावरांच्या जखमेत घालतात तसा टर्पेंटाइनचा बोळा किंवा फिनाईल सशावर वापरू नका. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी असलेला फिप्रोनिलचा स्प्रे तर सशाला जीवघेणा आहे, दुकानदार काहीही म्हणो.

खाणं सोडलं तर

लघवी अडलेली नाही आणि डॉक्टरांनी हाताने भरवायला सांगितलंय, असं असेल तरच हे. दाणेदार खाद्य कोमट पाण्यात भिजवून मिक्सरमधून पातळ करा. दिवसाला किलोमागे साधारण ५० मिली, चार-पाच वेळांत. सुई काढलेली सिरिंज समोरच्या दातांच्या मागे, गालाच्या बाजूने आत. एका वेळी अर्धा ते एक मिली, गिळू द्या, मग पुढचं. सरळ घशात सोडलं तर फुफ्फुसात जातं. टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर बसवा, उताणा करू नका. उताणा ससा शांत पडतो ते भीतीने.

पुढची तपासणी

गाळ परत होण्याची खोड असते. उपचारानंतर दोन ते चार आठवड्यांनी एक्स-रे, मग सहा महिन्यांनी एकदा. आधीचा एक्स-रे मोबाईलमध्ये नुसता फोटो काढून ठेवू नका, डॉक्टरांकडून फिल्म किंवा मूळ फाईल मागून घ्या, म्हणजे दुसऱ्या दवाखान्यातही शेजारी ठेवून तुलना करता येते. वहीत वजन, पाणी, डागांची संख्या आणि खाण्यातला बदल तारखेनिशी लिहा. डॉक्टरांनी "कधीपासून" विचारलं की ती वही पुढे करा.